पुएब्लो घागरी: आधी स्लिप पाहा, नक्षी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या पुएब्लो गावांची १८व्या ते २०व्या शतकातली मातीची भांडी एका संग्रहालयाच्या संग्रहात पाहिली. एकाच गावाचं भांडं कुठे पिवळट पांढरं, कुठे तांबडं, तर कुठे आरशासारखं काळं. हे रंग का बदलत गेले? आणि नक्षीवरून भांड्याचा काळ सांगता येतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच रुळावरून घसरते. नक्षीवरून अंदाज बांधता येतो, पण सुरुवात नक्षीपासून करू नये. नक्षी डोळ्यांनी उचलता येते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बाई ती सोबत नेते, बाजारात खपते म्हणून शेजारचं गाव ती उतरवून घेतं, आणि तीनशे वर्षांपूर्वीचं खापर सापडलं तर त्यावरूनही ती पुन्हा काढता येते. स्लिप, म्हणजे भांड्याच्या अंगावर दिलेला पातळ मातीचा हात, एवढी सहज हलत नाही. ती ठरावीक खाणीतून येते, ती ठरावीक रंगच धरते आणि ठरावीक पद्धतीनेच घोटावी लागते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्लिप, मग काळा रंग कशाचा आहे ते, मग काठ आणि बूड, मग मातीतली भरड, आणि सर्वांत शेवटी नक्षी.

पुएब्लो म्हणजे न्यू मेक्सिकोतली १९ गावं आणि अ‍ॅरिझोनातले होपी. इथे चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं उभं करतात, खरवडून पातळ करतात, पूर्ण वाळवतात, मग स्लिप, मग रंग, आणि शेवटी उघड्यावर भाजणी. ‘ऐतिहासिक’ भांडी म्हणताना स्पॅनिश लोक आल्यानंतरचा काळ धरला जातो. स्पॅनिश सरदार कोरोनाडोची स्वारी १५४०ची आणि ओन्यातेने वसवलेली स्पॅनिश वसाहत १५९८ची.

स्लिप कोणत्या, आणि कोणती काय मागते

तांबडी स्लिप म्हणजे लोह भरपूर असलेली बारीक माती, आपल्या गेरूच्या जवळची. मोकळ्या हवेत भाजली की तांबडी राहते, धुरात कोंडली की काळी होते. हा एक मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे काळ्या भांड्यांना लागेल.

पांढरी स्लिप ही केओलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या जातीची, लोह अगदी कमी. आकोमा, लागुना आणि झुनी ही पश्चिमेकडची गावं ती वापरतात. ही माती आकसते कमी, पण धरतेही कमी. म्हणून एकच जाड हात देऊन चालत नाही. पातळ हात अनेक द्यायचे, आणि ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटून अंगात दाबून बसवायचे. घोटाई अपुरी राहिली तर भाजल्यावर ती खडूसारखी भुकटी सोडते. बोट फिरवलं की पांढरं लागतं.

तिसरी क्रीम रंगाची, बेंटोनाइटच्या जातीची. कोचिती आणि सांतो डोमिंगो (याला केवा असंही म्हणतात) या गावांची ही खासियत. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ते ज्या खनिजामुळे होतं त्याच कुळातलं हे खनिज. त्यामुळे गुण-दोषही तेच. पाणी खूप पितं, वाळताना खूप आकसतं. जाड दिली तर बारीक जाळी पडते, आणखी जाड दिली तर पापुद्रे सुटतात. पण पातळ दिली तर दगडाने घोटावी लागत नाही. फडक्याने किंवा मऊ कातड्याच्या तुकड्याने पुसत दिली की आपोआप रेशमासारखी मऊ झाक येते.

आणि चौथी, टेवा गावांची जुनी क्रीम स्लिप. सान इल्डेफॉन्सो, टेसुके, नाम्बे वगैरे गावं या भाषेची. दिसायला ती कोचितीच्या स्लिपसारखी वाटते, पण तिला दगडाची घोटाई लागायचीच. या दोघींतला फरक ओळखता आला तर सान इल्डेफॉन्सोची निम्मी भांडी काळानुसार लावता येतात. त्याकडे पुढे येतो.

काळा रंग कशाचा आहे?

स्लिपच्या खालोखाल हाच प्रश्न. पुएब्लो भांड्यांवरचा काळा दोन प्रकारचा असतो, आणि कोणती स्लिप आहे त्यावर कोणता काळा चालेल हे ठरतं.

पहिला वनस्पतीचा. तिथे याला ग्वाको म्हणतात. रॉकी माउंटन बीप्लान्ट नावाचं रानटी झुडूप कोवळं असताना खुडतात, तासन्‌तास उकळतात, गाळतात आणि काकवीसारखं दाट होईपर्यंत आटवतात. मग वड्या वाळवून ठेवतात, त्या वर्षानुवर्षं टिकतात. वापरताना वडी पाण्यात भिजवायची. युक्का या रानटी वनस्पतीच्या पात्याचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने काढताना तो रंग तपकिरी, पातळ दिसतो. भाजल्यावर त्यातला कोळसा स्लिपमध्ये अडकून राहतो आणि रेघ काळी होते. इथे अट एकच: स्लिप अशी हवी की रस आत शोषून घेईल आणि भाजताना कोळसा जळू देणार नाही. बेंटोनाइट हे काम उत्तम करतं. टेवांची जुनी क्रीम स्लिपही करते. केओलिनवर मात्र नुसता ग्वाको जळून जातो, मागे फिकट सावली उरते.

म्हणून आकोमा, झुनी, झिया इथे दुसरा काळा: खनिजाचा. लोह-मँगनीजचा दगड पाट्यावर उगाळायचा आणि त्यात चिकटपणासाठी ग्वाकोच घालायचा. इथे ग्वाको डिंकाचं काम करतो, रंग दगडाचा. मँगनीज कमी आणि लोह जास्त झालं, किंवा भाजताना हवा जास्त खेळली, तर हा काळा तपकिरीकडे झुकतो. झुनी आणि झियाच्या कितीतरी घागरींवर ‘काळी’ रेघ खरं म्हणजे चॉकलेटी आहे.

ओळखायचं कसं? भिंग आणि तिरपा उजेड पुरे. ग्वाकोची रेघ स्लिपच्या पातळीतच असते, स्पर्शाला कळत नाही, कडा किंचित विरलेल्या, आणि स्लिपची झाक रेघेवरही तशीच चालू राहते. खनिजाची रेघ वर बसलेली असते, कडा धारदार, अंग मॅट म्हणजे बिनचमकेचं, आणि जिथे हात लागून झिजली आहे तिथे खालची पांढरी स्लिप उघडी पडते. ग्वाको झिजत नाही. तो गेला असेल तर स्लिपसकट गेलेला असतो.

ग्वाकोचं बिघडतं कुठे? रस पातळ काढला तर करडा येतो. भाजणी जास्त तापली किंवा लांबली तर कोळसा जळतो आणि नक्षी अर्धी पुसल्यासारखी होते. जुन्या भांड्यांवर एका बाजूची नक्षी ठळक आणि दुसरीकडची फिकट दिसते, ती बहुतेक वेळा झिजेमुळे नसते. त्या बाजूला वारा लागला होता.

१७०० च्या आसपास काय मोडलं

रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या बऱ्याच गावांत १४व्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमारे १७०० पर्यंत शिशाच्या झिलईने नक्षी काढत. संपूर्ण भांड्याला झिलई नव्हे. फक्त रेघा झिलईच्या, बाकी अंग स्लिपचं. शिसं सांता फेच्या दक्षिणेच्या सेर्रियोस टेकड्यांतून यायचं. १७व्या शतकात ही झिलई जास्त पातळ, वाहती होत गेली. शेवटच्या काळातल्या भांड्यांवर रेघांना ओघळ आलेले दिसतात, नक्षी वाचताही येत नाही. पश्चिमेला झुनीकडे याच शतकात झिलईची नक्षी काही काळ चालली, तिला हाविकू पॉलिक्रोम (पॉलिक्रोम म्हणजे बहुरंगी) म्हणतात.

१६८० मध्ये पोपे या पुएब्लो पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली पुएब्लोंनी स्पॅनिशांना हाकलून लावलं. १६९२ मध्ये दे व्हार्गास या स्पॅनिश गव्हर्नरबरोबर स्पॅनिश परत आले, १६९६ मध्ये पुन्हा उठाव झाला. गावं उठली, लोक डोंगरमाथ्यांवर गेले. काही टेवा थेट होपींच्या फर्स्ट मेसा या पठारावर जाऊन वसले, त्यांचं हानो गाव आजही आहे. या धामधुमीत झिलई संपली ती कायमची. १७०० नंतर सगळीकडे मॅट रंग. तुमच्यासमोरच्या ऐतिहासिक पुएब्लो भांड्यावर नक्षीची रेघ काचेसारखी चमकत असेल, तर ते १७०० पूर्वीचं आहे किंवा अलीकडच्या कुणीतरी हौसेने केलेलं आहे. मधलं काही नाही.

नक्षीही याच वेळी पालटली. वेगवेगळ्या गावचे लोक एकत्र कोंबले गेल्यावर पिसांचे आकार सगळीकडे पसरले. टेवांची ओगापोगे, झुनींची आशिवी, आकोमाची आको, झियाची पुनामे या १८व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घाटांवर मोठी, ठळक पिसं, तांबड्या-काळ्याचे भरलेले भाग आणि भोवती मोकळी स्लिप दिसते. आकार ठेंगणा, पोट मध्यावर फुगलेलं, आणि त्या फुगवट्याखालचं सगळं अंग तांबड्या स्लिपचं.

या ‘खालच्या अंगा’कडे नीट पाहा. इथे काळ लपलेला असतो. टेवा भांड्यांत सुरुवातीला खालचं अख्खं अंग तांबडं असे. १७६० च्या सुमारास पोव्होगे पॉलिक्रोम सुरू झालं तेव्हा तांबड्याचा नुसता पट्टा राहिला, नक्षीखाली कंबरपट्ट्यासारखा, आणि त्याखालचं बूड स्लिपशिवाय, फक्त घोटलेलं, खाकी रंगाचं. कोचिती-सांतो डोमिंगोच्या किऊआ भांड्यांतही तसंच. तांबडी स्लिप दुरून, देवघेवीतून मिळवावी लागे, म्हणून जिथे दिसणार नाही तिथे ती वाचवली गेली असावी, असं मला वाटतं. आकोमाने मात्र खालचा भाग तांबडा-केशरी ठेवला, आणि झुनीने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तो गडद तपकिरी, जवळजवळ काळा केला. आकोमा आणि झुनीची घागर पालथी घातली की वाद मिटतो. दोघींचं बूड आत दबलेलं असतं, डोक्यावर चुंबळीवर नीट बसावं म्हणून.

काठाची माथ्यावरची कड हा आणखी एक धागा. १८व्या शतकात ती तांबडी रंगवत, १९व्या शतकात काळी. बदल एका दिवशी झाला नाही. गावोगावी तो वेगवेगळ्या वेळी झाला. तरीही तांबडी कड, तांबडं खालचं अंग आणि मोठी पिसं ही तिन्ही एकत्र असतील तर १८वं शतक धरायला हरकत नाही. झिजलेल्या काठावर कड नेमकी कोणत्या रंगाची होती हे कळत नसेल तर आतल्या बाजूला ओघळलेला रंग शोधा.

१९वं शतक: गहू आणि रेल्वे

स्पॅनिशांनी आणलेल्या गव्हामुळे कणीक मळायच्या मोठ्या परातींसारख्या वाडग्यांची गरज वाढली. धान्याच्या रांजणांचंही तसंच. पोव्होगे आणि किऊआ प्रकारांत हे मोठाले घाट भरपूर आहेत. मोठं अंग, क्रीम स्लिप, काळे भौमितिक आकार, तांबडं कमी किंवा नाहीच. सांतो डोमिंगोची नक्षी कडक भौमितिक राहिली, कारण विकायच्या भांड्यांवर माणसं-प्राणी काढायला गावच्या धर्मप्रमुखांची मनाई असे. शेजारचं कोचिती त्याच स्लिपवर ढग, पाऊस, वीज, पक्षी, प्राणी मोकळेपणाने काढत होतं. स्लिप एक, ग्वाको एक, आणि तरी दोन गावं. असा प्रसंग आला की नक्षी खरोखर उपयोगी पडते.

आकोमात याच शतकात एका पातळ पांढऱ्या स्लिपवर बारीक समांतर रेघांची भरण, पायऱ्या, चौकटी अशी दाट भौमितिक नक्षी रुजली, आणि उत्तरार्धात पोपट आले. झुनीत हृदयरेषेचं हरीण, म्हणजे तोंडातून निघून छातीत थांबणारा तांबडा बाण असलेलं हरीण, आणि मोठी गोल फुलासारखी चक्रं. झियाचा पक्षी वेगळाच, पळताना पकडल्यासारखा. न्यू मेक्सिकोच्या झेंड्यावरचं सूर्यचिन्हही झियाच्याच एका घागरीवरून उचललेलं आहे. झेंडा १९२५ मध्ये स्वीकारला गेला.

कितीतरी भांड्यांवर नक्षीला वरून-खालून बांधणारी रेघ एका ठिकाणी मुद्दाम तुटलेली असते. तिला चूक समजून रंग भरून ‘दुरुस्त’ केलेली भांडी बाजारात आली आहेत. भिंगाखाली त्या जागी रंगाचं पोत वेगळं दिसतं.

१८८० मध्ये रेल्वे अल्बुकर्कला पोचली. पत्र्याच्या बादल्या आणि कारखान्यातली भांडी स्वस्तात मिळू लागली, आणि पुएब्लो भांडं पाण्यासाठी लागेनासं होऊन प्रवाशाला विकण्याची वस्तू झालं. आकार लहान झाले, घोटाई घाईची झाली. पाणी भरायचंच नसेल तर स्लिप किती घट्ट बसली याची फिकीर कोण करणार? या काळातल्या छोट्या भांड्यांवर स्लिपची भुकटी सुटताना दिसते ती यामुळे.

सान इल्डेफॉन्सो, १९०५ च्या सुमारास

आता ते चौथ्या स्लिपचं प्रकरण. सान इल्डेफॉन्सोचे फ्लोरेंतिनो माँतोया आणि मार्तिना व्हिहिल माँतोया हे जोडपं कोचितीला राहायला गेलं, आणि त्यांच्यामार्फत कोचितीची बेंटोनाइट स्लिप सान इल्डेफॉन्सोत आली. साल साधारण १९०५. काही वर्षांत गावाने जुनी, दगडाने घोटायची क्रीम स्लिप सोडूनच दिली.

सोडली याचं नवल नाही. जुन्या स्लिपला प्रत्येक हात ओलसर असताना घोटावा लागे, मध्येच वाळली तर त्या जागी पुन्हा पहिल्यापासून. नव्या स्लिपला चार-पाच पातळ हात, मधूनमधून फडकं, की काम झालं. माझ्या मते १९०५ ते १९२० दरम्यानच्या सान इल्डेफॉन्सो पॉलिक्रोमवरची नक्षी अचानक इतकी बारीक आणि भरगच्च झाली, त्याला गिऱ्हाईक जितकं कारण आहे तितकीच ही वाचलेली घोटाईही.

ओळखण्यासाठी दिवा बाजूने, भांड्याच्या अंगाला जवळजवळ समांतर धरा. जुन्या स्लिपवर दगडाचे फटकारे दिसतात: काही मिलिमीटर रुंद, चमकदार, शेजारी-शेजारी लागलेले चपटे पट्टे, आणि दोन पट्ट्यांमध्ये कधी सुटलेली मॅट फट. रंग उबदार, साईसारखा. नव्या स्लिपवर पट्टे नाहीत. सगळीकडे सारखी मऊ झाक, फार तर पुसल्याच्या केसासारख्या रेघा, रंग जरा थंड, राखाडीकडे झुकणारा. बुडाजवळ ओघळ थांबल्याची जाड कड दिसली आणि तिच्यावर जाळी पडलेली असेल तर ती बेंटोनाइटच.

अर्थात इथे माझ्याच नियमाला अपवाद झाला: स्लिपही एका गावाहून दुसऱ्या गावी गेली. म्हणून शेवटचा निवाडा भरडीचा. माती फुटू नये म्हणून तीत जी भरड घालतात ती गावोगावी वेगळी असते आणि विकायला म्हणून कुणी बदलत नाही. फुटलेल्या कडेवर किंवा बुडाच्या झिजलेल्या जागी भिंग लावा. काळे, टोकदार बेसॉल्टचे कण म्हणजे झिया. नदीची गोलसर वाळू म्हणजे सांता आना. दळलेली जुनी खापरं, मातीतच मातीचे कोपरेदार तुकडे, म्हणजे आकोमा, लागुना किंवा झुनी. पांढुरकी, मऊ ज्वालामुखीची राख म्हणजे टेवा गावं. आणि सगळं अंगच अभ्रकाने चमचमत असेल तर ताओस किंवा पिकुरिस, तिथे बहुधा स्लिपचा प्रश्नच येत नाही.

काळ्यावर काळं

काळी घोटलेली भांडी टेवा गावांत, विशेषतः सांता क्लारात, आधीपासून होती. तिथल्या अस्वलाच्या पंजाचा ठसा असलेल्या काळ्या घागरी प्रसिद्ध आहेत. मारिया आणि हुलियान मार्तिनेझ या जोडप्याने सान इल्डेफॉन्सोत १९१९ च्या सुमारास नवीन काय केलं, तर चकचकीत काळ्यावर मॅट काळी नक्षी. पुढे त्या गावाची ओळखच ती झाली.

स्लिप काळी नसते, हे अनेकांना खरं वाटत नाही. तीच तांबडी स्लिप. खरवडून गुळगुळीत केलेल्या कोरड्या भांड्यावर तिचे अनेक पातळ हात देतात आणि शेवटचा ओलसर असतानाच दगडाने घोटायला घेतात. घेतलं की थांबायचं नाही. मध्येच वाळलं तर चरे पडतात, आणि ते नुसत्या पाण्याने जात नाहीत. सगळी स्लिप काढून पुन्हा द्यावी लागते. चमक आली की त्या चमकेवर पातळ मातीच्या रंगाने नक्षी. ती घोटत नाहीत, म्हणून मॅट राहते. लक्षात घ्या, बहुतेकदा रंगवतात ती पार्श्वभूमी, आणि चमकदार उरतो तो आकार.

भाजणी उघड्यावर. खाली जाळी, तिच्यावर भांडी पालथी, भोवती पत्रे, त्यावर वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या, खाली जुनिपर झाडाच्या लाकडाच्या काटक्या. जाळ पुरेसा तापला की घोड्याच्या वाळलेल्या लिदीचा बारीक चुरा ओतून सगळं गाडून टाकतात. हवा बंद होते, लोहाचं तांबडं ऑक्साइड काळं होतं आणि धुरातला कोळसा छिद्रांत बसतो. चुरा टाकलाच नाही तर तेच भांडं तांबड्यावर तांबडं निघतं.

या पद्धतीत बिघाड ठरलेले आहेत. तापमान साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. त्याच्या फार वर गेलं तर स्लिपचे कण आकसून जुळू लागतात आणि दगडाची चमक मरते. चुऱ्याला कुठे भगदाड राहिलं तर तिथे तपकिरी किंवा बंदुकीच्या नळीसारखा पोलादी डाग येतो. हा पोलादी रंग काही वेळा मुद्दामही आणला गेला आहे, पण तेव्हा तो सगळ्या अंगावर सारखा असतो. गोवरी ओलसर असेल तर वाफेचे डाग पडतात. आणि भांडं पुरतं वाळलेलं नसेल तर पोटातून कपची उडते, तेव्हा आवाज बाहेर ऐकू येतो.

इतक्या कमी आचेचं भांडं पाणी धरत नाही. आत पाणी ठेवलं तर ते बाहेर पाझरतं आणि चमकेवर ढगासारखा डाग पडतो, जो जात नाही. म्हणून हे भांडं पहिल्यापासून शोभेचं. १९५० च्या दशकात मारिया-हुलियान यांचा मुलगा पोपोवी दा याने पुन्हा रंगीत पॉलिक्रोमकडे वळून क्रीम स्लिपवरचं काम ताजं केलं, शिवाय पुढे काळ्यात मातकट तांबूस रंग आणला.

होपी: स्लिपच काढून टाकली

होपींकडे गोष्ट उलटी घडली. १९व्या शतकातल्या पोलाक्का पॉलिक्रोमवर पांढऱ्या स्लिपचा जाड हात असे. होपींची माती आणि ही स्लिप यांचं आकसणं जुळत नसे, त्यामुळे या भांड्यांवर जाळीदार तडे हमखास. हानोच्या नाम्पेयो या कुंभारणीने जुन्या सिक्यात्की गावच्या खापरांवरून नक्षी उचलली. पुरातत्त्वज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्सने ते गाव १८९५ मध्ये खणलं, पण तिथली खापरं त्याआधीही कुंभारणींच्या हातात येत होती. नाम्पेयोने नक्षीबरोबर पृष्ठभागही परत आणला. स्लिप न देता थेट अंगाची मातीच घोटायची. ती माती भाजल्यावर पिवळी ते नारिंगी होते, एकाच भांड्यावर दोन्ही. त्यामुळे नाम्पेयोच्या सुरुवातीच्या, तडे गेलेल्या पांढऱ्या भांड्यात आणि नंतरच्या पिवळ्या भांड्यात नक्षी कधी कधी तीच असते. वेगळेपण पृष्ठभागात आहे.

आकोमातही दुसऱ्या महायुद्धानंतर ल्यूसी लुईस आणि मारी चिनो या कुंभारणींनी जुन्या खापरांवरच्या काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा परत आणल्या. तिथे मात्र स्लिप तीच पांढरी राहिली. फक्त केशरी गेला. त्या काळातल्या आकोमा भांड्यांवर पांढऱ्यातून टिचक्या उडून खळगे पडलेले दिसतात. ते मातीतल्या अशुद्ध कणांमुळे. ओल लागली की ते फुगतात आणि स्लिपला आतून ढकलतात. दमट हवेत, कोकणात किंवा मुंबईत, असं भांडं ठेवणार असाल तर बंद कपाटात सिलिका जेलसह ठेवा.

हाताळणी, आणि करून पाहायचं असेल तर

धुऊ नका. मऊ, कोरडा कुंचला पुरे. हेमेस आणि टेसुकेच्या २०व्या शतकातल्या काही भांड्यांवर भडक गुलाबी, हिरवे, निळे रंग दिसतात. ते भाजल्यानंतर पोस्टर कलरने दिलेले आहेत, ओल्या फडक्याने सरळ पुसले जातात. शंका असेल तर तळाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाची जरा ओली काडी टेकवून पाहा. साच्यात ओतलेल्या भांड्यावर आत वळ्यांचे चढउतार नसतात आणि कधी साच्याच्या जोडाची उभी रेघ सापडते. ती असेल तर बाकी तपासणी करत बसू नका.

इथल्या कार्यशाळेत बेंटोनाइट स्लिप करून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बाजारात मिळणारा बराचसा बेंटोनाइट कच्छचा. तो दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेला, लोह धरून असलेला, म्हणून भाजल्यावर क्रीम न राहता गुलाबी-तपकिरीकडे जातो. पांढरा हवा असेल तर कमी लोहाचा मागून घ्या. आणि हा सोडियम जातीचा, भयंकर फुगणारा. १०० मिलीलिटर पाण्यात ५-६ ग्रॅम टाकलं तरी जेली होते. पाण्यात चिमटी-चिमटीने भुरभुरवा, ढवळू नका, रात्रभर भिजू द्या, मग मलमलीतून गाळा आणि दुधाहून पातळ करा. पूर्ण वाळलेल्या, किंचित कोमट केलेल्या टाइलवर फडक्याने तीन, चार आणि पाच हात देऊन तीन नमुने करा, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. ज्या नमुन्यावर वाळतानाच जाळी पडेल, त्याच्या एक हात आधी थांबायचं. भाजणीत ती जाळी मिटत नाही, उलट उघडते.